चार पोरं आणखी घेऊ का?

प्रश्न: ताई, मी इंदूरला विजयनगरमधल्या एका छोट्या कंपनीत टीम लीड आहे. आम्ही चौघं हॉस्पिटलचं बिलिंग सॉफ्टवेअर बनवतोय, डिलिव्हरी बरीच लांबलीय. साहेब म्हणतात अजून चार पोरं घे नि दिवाळीआधी संपव. काय करू?
– एक वाचक, रामबाग

उत्तर: नका घेऊ, निदान आत्ता तरी नको. आयबीएम कंपनीच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्सनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टात माणसं घातली की तो आणखीच लांबतो, कारण नव्यांना शिकवण्यात तुमचीच जुनी माणसं अडकतात, शिवाय एकमेकांशी बोलणंही वाढतं, चौघांत जोड्या ६ होतात, आठ जणांत थेट २८! त्यापेक्षा ‘नव्वद टक्के झालंय’ हे किती आठवडे ऐकताय ते बघा. टक्के विचारूच नका, चालवून दाखव म्हणा. बिल बनव, ॲडव्हान्स वजा कर, रिफंड दे, प्रिंट काढ. बहुतेक रिफंडपाशीच घोडं अडलेलं असतं. मग साहेबांना सरळ सांगा, दिवाळीला बिल नि पावती मिळेल, विम्याचे क्लेम नंतर, आणि त्यांचा होकार मेलवर घ्या, तोंडी नको. क्लायंट ‘एवढं एक बटण टाका ना’ म्हणाला तर तारीख किती सरकेल ते आधी सांगायचं.