वाचकांचे प्रश्न : घड्याळाची तबकडी आणि दिनदर्शिका संगणकावर आखताना

प्रश्न : भिंतीवरच्या घड्याळासाठी ३० सेंटिमीटर व्यासाची तबकडी मी संगणकावरच्या साध्या पेंट प्रोग्रॅममध्ये काढली. पडद्यावर ती उत्तम दिसत होती. परंतु छापून आल्यावर वर्तुळाची कड दातेरी दिसू लागली आणि मिनिटांच्या खुणांमधली अंतरेही कमी-जास्त असल्याचे लक्षात आले. महागडे सॉफ्टवेअर न घेता हे टाळता येईल का?

उत्तर : नक्कीच टाळता येईल. मात्र आपल्या पत्रातल्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून त्यांचा विचारही स्वतंत्रपणे करू.

दातेरी कडेचे कारण असे, की पेंटसारखा प्रोग्रॅम चित्र ठिपक्यांच्या, म्हणजे पिक्सेलच्या रूपात साठवतो. ३० सेंटिमीटरची तबकडी इंचाला ३०० ठिपके या दर्जाने छापायची असेल, तर चित्राची रुंदी सुमारे ३,५४३ पिक्सेल असावी लागते. आपले चित्र ८०० पिक्सेलचे असेल, तर छापताना इंचाला जेमतेम ६८ ठिपके वाट्याला येतात आणि ते डोळ्यांना दिसतात. व्हेक्टर पद्धतीच्या प्रोग्रॅममध्ये ही अडचणच उद्भवत नाही, कारण तिथे वर्तुळ हे केंद्र आणि त्रिज्या या स्वरूपात साठवलेले असते आणि ते कितीही मोठे केले तरी कड गुळगुळीतच राहते. इंकस्केप आणि लिबरऑफिस ड्रॉ हे दोन्ही प्रोग्रॅम या कामासाठी पुरेसे असून ते विनामूल्य मिळतात.

खुणांची अंतरे चुकली, कारण त्या नजरेच्या अंदाजाने लावल्या गेल्या. वर्तुळाचे ३६० अंश १२ तासांत विभागले की दर तासाला ३० अंश आणि ६० मिनिटांत विभागले की दर मिनिटाला ६ अंश येतात. आपल्या तबकडीच्या कडेवर एका अंशाची चूक म्हणजे अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर, आणि इतका फरक दुरूनही जाणवतो. म्हणून कोन नेहमी आकड्यांनीच द्यावेत, हाताने फिरवू नयेत.

इंकस्केपमध्ये प्रथम कागदाचे एकक मिलिमीटर ठेवून वर्तुळ काढा आणि बाराच्या जागी एकच खूण काढा. त्या खुणेवर पुन्हा एकदा क्लिक केले, की फिरवण्याचे बाण आणि मध्यभागी एक लहानशी फुली दिसू लागते. ही फुली ओढून वर्तुळाच्या केंद्रावर नेऊन ठेवणे ही या कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. त्यानंतर एडिट मेनूतल्या क्लोन या भागात टाइल्ड क्लोन्सची चौकट उघडून एक ओळ व बारा स्तंभ निवडा, रोटेशनमध्ये प्रत्येक स्तंभामागे ३० अंश भरा आणि शिफ्टमध्ये प्रत्येक स्तंभामागे आडवे अंतर उणे १०० टक्के द्या. हे उणे १०० टक्के राहून गेले तर खुणा वर्तुळावर न बसता बाजूला पसरत जातात. मिनिटांसाठी हीच कृती ६० स्तंभ आणि ६ अंश घेऊन करा. या सर्व प्रती मूळ खुणेशी जोडलेल्या असतात. त्यामुळे पुढे मूळ खूण जाड केली किंवा तिचा रंग बदलला, तर बाकीच्या आपोआप बदलतात.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. मुलांकडून घड्याळाच्या तबकड्या करून घ्यायच्या आहेत, पण वर्गातल्या संगणकांवर सादरीकरणाचा प्रोग्रॅम तेवढा आहे आणि त्यात कोणताही आकार स्वतःच्या मध्याभोवतीच फिरतो. मग खुणा वर्तुळावर कशा बसवाव्यात?

उत्तर : आकार स्वतःच्या मध्याभोवती फिरतो, याचाच उपयोग करून घ्यावा. तबकडीच्या पूर्ण व्यासाएवढी एक उभी रेघ काढा. तिच्या सहा प्रती करून त्यांना अनुक्रमे ०, ३०, ६०, ९०, १२० आणि १५० अंश असा कोन द्या आणि सर्व रेघा संरेखनाच्या आज्ञेने एकमेकींवर मध्यावर आणा. सहा रेघांची बारा टोके म्हणजेच बारा तासांच्या खुणा होतात. आता वर थोडे लहान पांढरे वर्तुळ ठेवले, की मधला गुंता झाकला जाऊन फक्त टोके उरतात. मिनिटांसाठी ६ अंशांच्या अंतराने ३० रेघा पुरतात.

अंकांच्या जागांसाठी मुलांकडून थोडे गणितही करून घेता येईल. अंकांच्या वर्तुळाची त्रिज्या १०० मिलिमीटर धरली, तर एकचा अंक केंद्रापासून ५० मिलिमीटर उजवीकडे आणि ८६.६ मिलिमीटर वर येतो. दोनचा अंक ८६.६ उजवीकडे आणि ५० वर येतो. उरलेल्या अंकांपैकी १२, ३, ६ आणि ९ सरळ अक्षांवर असतात आणि बाकीचे सर्व याच दोन संख्या उजवी-डावी व वर-खाली अशी दिशा बदलून मिळतात. प्रोग्रॅम मात्र चौकटीच्या डाव्या-वरच्या कोपऱ्याची जागा विचारतो. म्हणून बाराही अंकांच्या चौकटी एकाच आकाराच्या ठेवाव्यात आणि अंक चौकटीच्या मधोमध आणावा, म्हणजे सगळीकडे सारखीच वजाबाकी करावी लागेल.

प्रश्न : तबकडीवर देवनागरी अंक वापरायचे आहेत. ते सरळ ठेवावेत की वर्तुळाबरोबर फिरवावेत? शिवाय दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली, की अक्षरांचे वळणच बदलते.

उत्तर : माझे मत स्पष्टपणे सरळ अंकांच्या बाजूने आहे. वर्तुळाबरोबर अंक फिरवले, तर चार ते आठ हे अंक उलटे होत जातात आणि तळाशी पूर्ण उलटा झालेला ६ घाईत ३ सारखा भासतो. घड्याळाकडे माणूस क्षणभरच पाहतो, त्या क्षणात त्याला अडखळावे लागू नये. रोमन अंक पारंपरिक घड्याळांत पुष्कळदा फिरवलेले असतात आणि तिथे चारचा अंक चार उभ्या रेघांनी दाखवण्याची जुनी रीत आहे; तो वेगळा संकेत आहे आणि तो देवनागरीला लागू करण्याची गरज नाही.

मघाशी कोन आकड्यांनीच द्यावेत असे म्हटले. अंकांच्या बाबतीत मात्र गणिताने जागा ठरवल्यावर शेवटचा निर्णय नजरेवर सोडावा. १०, ११ आणि १२ हे दोन अंकी असल्याने रुंद असतात आणि गणिताप्रमाणे बसवले तरी १० चा डावा अंक खुणांना जास्त चिकटलेला दिसतो. तो एखाद-दोन मिलिमीटर आत घ्यावा. छपाईपूर्वी तबकडी पडद्यावर अगदी लहान करून पाहिली, की असे असमतोल चटकन ध्यानात येतात.

अक्षरांचे वळण बदलते, याचे कारण तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसतो. इंकस्केपमध्ये मजकूर निवडून पाथ मेनूतली ऑब्जेक्ट टू पाथ ही आज्ञा दिली, की अक्षरे आकृत्यांत रूपांतरित होतात आणि कुठेही तशीच दिसतात. त्यानंतर मजकूर टंकून बदलता येत नाही. म्हणून मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा.

प्रश्न : तबकडी छापली, पण ठरवल्यापेक्षा लहान आली आणि मिनिट काटा खुणांच्या बाहेर जाऊ लागला.

उत्तर : छापण्याच्या चौकटीत ‘कागदावर मावेल असे’ हा पर्याय निवडलेला असावा. तो काढून १०० टक्के किंवा मूळ आकार हा पर्याय घ्या. ए४ कागद २१० मिलिमीटर रुंद असतो आणि बहुतेक घरगुती प्रिंटर कडेला काही मिलिमीटर जागा सोडतात, त्यामुळे त्यावर साधारण १९० मिलिमीटरची तबकडी निश्चिंतपणे बसते. त्याहून मोठीसाठी ए३ घ्यावा. कागदाच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवा आणि छापल्यावर ती पट्टीने मोजा.

काट्यांविषयी माझा आग्रह आहे, की यंत्र आणि काटे आधी हाताशी असावेत आणि तबकडी त्यांच्या मापाने आखावी. मिनिट काट्याचे टोक मिनिटांच्या खुणांच्या आतल्या कडेला आणि तास काट्याचे टोक अंकांच्या आतल्या कडेला पोहोचले, की वेळ निःसंदिग्ध वाचता येते. यंत्राच्या मधल्या आटे असलेल्या दांड्याची जाडी मोजून तेवढे छिद्राचे वर्तुळ केंद्रावर काढा आणि त्यातून एकमेकींना छेदणाऱ्या दोन बारीक रेघा काढा, म्हणजे छिद्र पाडताना केंद्र हरवणार नाही. दांड्याची लांबी पाठफळीच्या जाडीपेक्षा नट बसण्याइतकी अधिक आहे ना, हेही तेव्हाच पाहून घ्या.

प्रश्न : दिनदर्शिका करताना तारखा हाताने भरतो. चुका होतात, आणि काही महिने पाच ओळींत मावत नाहीत.

उत्तर : आठवडा रविवारी सुरू होतो असे धरले, तर फेब्रुवारी २०२६ नेमक्या चार ओळींत बसतो आणि ऑगस्ट २०२६ ला सहा ओळी लागतात, कारण त्याची एक तारीख शनिवारी येते. म्हणून प्रत्येक पानावर सात स्तंभ व सहा ओळी, अशी ४२ घरांची चौकट ठेवावी. बाराही पाने एकसारखी राहतात आणि रिकाम्या घरांत टिपणे लिहिता येतात.

तारखा हाताने भरूच नका. इंकस्केपच्या एक्स्टेन्शन्स मेनूत रेंडर या भागात कॅलेंडर आहे. त्यात वर्ष, आठवड्याचा पहिला दिवस आणि महिन्यांची व वारांची मराठी नावे भरता येतात. स्प्रेडशीटमध्ये करायचे असेल, तर पहिल्या घरात महिन्याच्या एक तारखेतून तिच्या वाराचा क्रमांक वजा करून त्यात एक मिळवावा. रविवार १ आणि शनिवार ७ असे धरल्यास ऑगस्ट २०२६ साठी २६ जुलै हे उत्तर येते. पुढच्या प्रत्येक घरात आधीच्या घरातली तारीख अधिक एक. शेजारच्या महिन्यांच्या तारखा फिकट रंगात दाखवाव्यात.

तारखांचा सांगाडा एका थरात आणि चित्रे व सुट्ट्या दुसऱ्या थरात ठेवल्यास तो पुढेही उपयोगी पडतो. वर्षाचा पहिला वार सातांपैकी एक आणि वर्ष साधे किंवा लीप, एवढेच पर्याय असल्याने दिनदर्शिका एकूण १४ प्रकारच्याच असतात. २०२६ च्या तारखा आणि वार २०३७ मध्ये जसेच्या तसे येतात. छपाईला देण्यापूर्वी प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या तारखेनंतरचा वार पुढच्या महिन्याच्या एक तारखेला आला आहे का, हे तपासा. साध्या वर्षात १ जानेवारी आणि ३१ डिसेंबर एकाच वारी यायला हव्यात, तर लीप वर्षात ३१ डिसेंबरचा वार एकाने पुढे असायला हवा. २०२६ मध्ये या दोन्ही तारखांना गुरुवार आहे.