छावणीचे पाणी कोणाच्या नदीला मिळते?

गेल्या अंकातील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेवरील लेखात, मोठ्या मोहिमांमध्ये आता स्वतंत्र पर्यावरण अधिकारी नेमलेले असतात, असे एक वाक्य ओघात आले होते. त्या एका वाक्यावर वाचकांची बरीच पत्रे आली. मी स्वतः काही वर्षे अशा एका मोहिमेच्या अभियांत्रिकी विभागात काम केले असल्याने संपादकांनी ती माझ्याकडे सोपवली. त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे पुढे देत आहे.

जिथे रोज गोळीबार होतो, तिथे शांतिसैनिकांनी माणसे वाचवायची की सांडपाण्याची चिंता करायची? पर्यावरणाचा विचार शांतता प्रस्थापित झाल्यानंतर करता येणार नाही का?

हा प्रश्न सर्वाधिक पत्रांत आहे आणि त्यामागची कळकळ मला समजते. परंतु सांडपाण्याची चिंता न केल्यामुळे माणसे मेली, आणि ज्यांच्या रक्षणासाठी मोहीम गेली होती तीच माणसे मेली, हे हैतीत घडून गेले आहे. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपातून तो देश सावरत असताना त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आर्तिबोनीत नदीच्या खोऱ्यात कॉलऱ्याची साथ सुरू झाली. त्यापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे हैतीत कॉलरा नव्हता, त्यामुळे लोकांच्या शरीरात प्रतिकारशक्ती नव्हती आणि तेथील डॉक्टरांनाही या रोगाचा अनुभव नव्हता. पुढील काही वर्षांत आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे दहा हजार दगावले.

संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांनी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये मिरबाले गावाजवळच्या शांतिसेनेच्या छावणीची पाहणी करून जे लिहिले, ते प्रत्येक छावणीप्रमुखाने वाचावे असे मला वाटते. शौचालये आणि स्नानगृहांचे पाइप कसेबसे जोडलेले होते. त्यांपैकी काही एका उघड्या गटारावरून नेलेले होते आणि ते गटार थेट मेय नावाच्या उपनदीला मिळत होते. टाक्यांतला मैला कंत्राटदाराच्या वाहनातून नेऊन जवळच्या उंचवट्यावरील एका उघड्या खड्ड्यात ओतला जाई, आणि आणखी दोन छावण्यांचा मैलाही त्याच खड्ड्यात येई. खड्ड्याला कुंपण नव्हते, आसपास मुले खेळत होती, जनावरे फिरत होती, आणि मोठा पाऊस झाला की खड्डा उतू जाण्याचा धोका होता. खालच्या अंगाला लोक त्याच नदीचे पाणी पीत होते, त्यातच आंघोळ करत होते. समितीने त्या वेळी कोणा एकावर दोष ठेवला नाही. मात्र २०१३ मध्ये त्याच तज्ज्ञांनी, त्या छावणीशी संबंधित व्यक्तींकडूनच जंतू आले असण्याची शक्यता सर्वाधिक आहे, असे स्पष्टपणे लिहिले.

हे टाळण्यासाठी काय लागले असते, याचा विचार केला की मन विषण्ण होते. नीट जोडलेले पाइप, बंदिस्त टाकी, मैलापाण्यावर प्रक्रिया आणि कंत्राटदाराच्या मागे एकदा जाऊन तो मैला कुठे ओततो हे पाहणारा एक माणूस, एवढेच लागले असते. यातले काहीही शांतता येईपर्यंत थांबण्यासारखे नव्हते. छावणीत पहिला सैनिक राहायला येतो त्याच दिवशी सांडपाणीही सुरू होते.

मी स्थापत्य अभियंता आहे. अशा मोहिमेत पर्यावरण व्यवस्थापन प्रत्यक्षात कोण आणि कसे करते, हे समजून घ्यायला आवडेल.

संयुक्त राष्ट्रांनी क्षेत्रीय मोहिमांसाठी पर्यावरणविषयक धोरण २००९ मध्ये लागू केले. म्हणजे हैतीतील साथीच्या वेळी कागदावर धोरण होते. पुढे २०१७ पासून सहा वर्षांची एक सविस्तर रणनीती राबवली गेली. तिच्यात ऊर्जा, पाणी व सांडपाणी, घनकचरा, परिसरावरील व्यापक परिणाम आणि व्यवस्थापनाची पद्धती अशी पाच अंगे होती. आता त्यापुढची, २०३० पर्यंतची रणनीती अमलात आहे. सुरक्षा परिषदेनेही २०१३ मध्ये मालीतील मोहिमेला मंजुरी देणाऱ्या २१०० क्रमांकाच्या ठरावात, मोहिमेच्या कामाचा पर्यावरणावर काय परिणाम होतो हे विचारात घेण्यास सांगितले. मोहिमेच्या अधिकारपत्रात असा उल्लेख येण्याची ती पहिली वेळ होती.

प्रत्यक्ष काम मोहिमेच्या साहाय्य विभागाकडे असते. पर्यावरण अधिकारी दरवर्षी कृती आराखडा करतो, छावण्यांची तपासणी करतो, आणि इटलीतील ब्रिंडिसी येथील संयुक्त राष्ट्रांच्या केंद्राकडून त्याला तांत्रिक मदत मिळते. प्रत्येक देशाच्या तुकडीतही या कामासाठी एक अधिकारी नेमलेला असतो. तथापि तो मूळचा अभियंता, वाहतूक अधिकारी किंवा क्वार्टरमास्टर, म्हणजे रसद पाहणारा अधिकारी, असतो आणि बहुधा वर्षभरात तुकडीबरोबर मायदेशी परततो. त्याने शिकलेले त्याच्याबरोबर जाते, आणि पुढच्या तुकडीला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. माझ्या मते या व्यवस्थेतील सर्वांत कच्चा दुवा हाच आहे.

एक प्रसंग सांगतो. डिझेलच्या टाकीभोवती काँक्रीटचा कठडा बांधावा लागतो. टाकी फुटली तर सगळे डिझेल त्यातच अडावे म्हणून कठड्याची क्षमता टाकीच्या क्षमतेच्या ११० टक्के ठेवतात. एका छावणीच्या तपासणी तक्त्यावर ‘कठडा आहे’ या रकान्यात सलग अनेक महिने बरोबरची खूण होती. पावसाळ्यात मी तिथे गेलो तेव्हा कठडा खरोखरच भक्कम होता, पण आतले पावसाचे पाणी काढण्यासाठी तळाशी बसवलेला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता. कोणी तरी एकदा पाणी सोडले होते आणि तो बंद करायचे राहून गेले होते. व्हॉल्व्हच्या तोंडापासून कुंपणाखालून एक बारीक ओहोळ बाहेर गेला होता, त्यावर डिझेलचा रंगीबेरंगी तवंग होता, आणि कुंपणापलीकडे वीस-पंचवीस पावलांवर त्याच ओहोळाच्या डबक्यात दोन शेळ्या तोंड घालून उभ्या होत्या. त्यांच्यामागे एक मुलगी काठी घेऊन आमच्याकडे पाहत होती. आम्ही व्हॉल्व्हला कुलूप लावले, किल्ली एका अधिकाऱ्याच्या ताब्यात दिली, आणि पाणी सोडताना दोघांनी सही करायची नोंदवही ठेवली. खर्च एका कुलपाचा झाला. तपासणी तक्त्यातला प्रश्नही आम्ही बदलला: ‘कठडा आहे का?’ याऐवजी ‘व्हॉल्व्ह बंद आहे का, आणि तो शेवटी कोणी उघडला?’

आपण अभियंता आहात म्हणून आणखी एक सांगतो. छावणीची जागा पक्की करण्यापूर्वी तेथील माती, भूजल आणि पाण्याचा उतार यांची नोंद करून ठेवणे सर्वांत मोलाचे असते. ती नसेल तर पुढे प्रदूषण मोहिमेने केले की ते आधीपासून होते, हे कोणालाही सिद्ध करता येत नाही.

सौरऊर्जा एवढी स्वस्त झाली असताना शांतिसेना अजून डिझेल जनरेटरवरच का चालते?

याचे कारण तंत्रज्ञानापेक्षा पैशाच्या व्यवस्थेत अधिक आहे. तुकडी पाठवणारा देश आपले जनरेटर घेऊन येतो आणि त्या यंत्रसामग्रीबद्दल संयुक्त राष्ट्रे त्याला ठरलेल्या दराने दरमहा परतावा देतात. जनरेटरला लागणारे डिझेल मात्र संयुक्त राष्ट्रे स्वतः पुरवतात. म्हणजे जो यंत्र चालवतो त्याला इंधनाचे बिल दिसतच नाही. अशा स्थितीत रिकाम्या तंबूतले वातानुकूलन यंत्र रात्रभर सुरू राहिले तर नवल वाटायला नको. सैनिक बेफिकीर असतो असे नाही, बचतीचा फायदा त्याच्यापर्यंत पोहोचेल अशी रचनाच नाही. यंत्रसामग्रीच्या परताव्याच्या नियमपुस्तिकेचा दर तीन वर्षांनी फेरविचार होतो, आणि माझ्या दृष्टीने पर्यावरणाचा सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज ती रूक्ष पुस्तिकाच आहे.

दुसरे कारण मुदतीचे. सुरक्षा परिषद मोहिमेला बहुधा सहा महिने किंवा एक वर्ष एवढीच मुदतवाढ देते आणि अंदाजपत्रकही एका वर्षाचेच असते. सौरप्रकल्पाचा खर्च भरून निघायला काही वर्षे लागतात, आणि उद्या मोहीम असेल की नाही या प्रश्नापुढे तो प्रस्ताव मागे पडतो. प्रत्यक्षात सायप्रसमधील मोहीम १९६४ पासून चालू आहे. एकेक वर्ष करत दशके निघून जातात आणि जनरेटर चालूच राहतात.

सौरपट्ट्या येण्याची वाट न पाहता करता येण्याजोगेही पुष्कळ आहे. बहुतेक छावण्यांत जनरेटर गरजेपेक्षा फार मोठे असतात. क्षमतेच्या वीस-पंचवीस टक्के भारावर डिझेल इंजिन सतत चालवले तर ते पुरेसे तापत नाही, इंधन पूर्ण जळत नाही, धुराड्यात काजळी व तेलकट थर साचतो आणि इंजिन लवकर खराब होते. दहा छोट्या तुकड्यांचे दहा जनरेटर असे कण्हत चालवण्याऐवजी एक सामायिक वीजकेंद्र उभारून भारानुसार यंत्रे चालू-बंद केली, तर पहिल्याच महिन्यात इंधन वाचते. आणि वाचलेले इंधन म्हणजे रस्त्यावरचे कमी टँकर. सुरुंग आणि हल्ल्यांच्या वाटेवरून टँकर घेऊन जाणाऱ्या चालकासाठी आणि त्याच्या पुढे-मागे चालणाऱ्या सैनिकांसाठी या हिशेबाचा अर्थ काय आहे, हे वेगळे सांगायला नको. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाने २०३० पर्यंत ८० टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून घेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या एकूण उत्सर्जनात शांतिरक्षण मोहिमांचा वाटा मोठा असल्याने ते उद्दिष्ट न्यूयॉर्कच्या कार्यालयात नव्हे, या छावण्यांतच गाठावे लागेल.

शांतिसैनिक वृक्षारोपण करतानाची छायाचित्रे नेहमी दिसतात. त्याचा उपयोग होतो का?

लावलेल्या रोपाला तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी घालणारे कोणी असेल तर होतो. पण रोपे लावण्यापूर्वी आपण किती झाडे तोडायला लावतो हे पाहणे अधिक गरजेचे आहे. सुदानच्या दार्फुर भागात बांधकामाची मागणी वाढली तेव्हा विटा भाजण्यासाठी आधीच विरळ असलेली झाडे भट्ट्यांत गेली, आणि त्या मागणीत आंतरराष्ट्रीय संस्थांचाही हात होता. तेथे न भाजता दाबून तयार केलेले मातीचे ठोकळे वापरण्यास सुरुवात झाली. छायाचित्रात ते फारसे शोभत नाहीत, पण झाड वाचते.

मोहीम संपते तेव्हा मागे राहिलेल्या कचऱ्याचे काय होते? आणि स्थानिक लोकांचे नुकसान झाले असेल, तर त्यांनी दाद कोणाकडे मागायची?

पहिल्या भागाचे उत्तर असे, की जागा सोडण्यापूर्वी तिची सफाई व पाहणी करून, ती ठीक असल्याचे लेखी घेऊन मालकाच्या स्वाधीन करावी, असा नियम आहे. अडचण येते ती वापरलेले तेल, बॅटऱ्या, दवाखान्यातील कचरा यांची. ज्या देशात यांवर प्रक्रिया करण्याची सोय नाही तिथून ते बाहेर न्यावे म्हटले तर घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याविषयीच्या १९८९ च्या बाझेल कराराच्या परवानग्या लागतात, आणि आफ्रिकेतील दुसऱ्या देशात न्यावे म्हटले तर १९९१ च्या बमाको कराराचे कडक निर्बंध आड येतात. म्हणून निघताना साफ करू, ही भाषा फसवी आहे. मालीतील मोहिमेला २०२३ मध्ये सहा महिन्यांत गाशा गुंडाळावा लागला आणि सुरक्षेची स्थिती बिघडल्याने काही तळ ठरल्या तारखेआधीच सोडावे लागले. तशा वेळी शेवटच्या आठवड्यात माती उकरून काढायला कोणीही थांबत नाही.

दुसऱ्या भागाचे उत्तर लिहिताना मला संकोच वाटतो, कारण ते समाधानकारक नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विशेषाधिकारांविषयीच्या १९४६ च्या करारानुसार त्यांच्यावर राष्ट्रीय न्यायालयांत खटला चालत नाही. हैतीतील पीडितांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात लावलेला दावा याच कारणाने २०१५ मध्ये फेटाळला गेला आणि २०१६ मध्ये अपीलही फेटाळले गेले. कोसोव्होत संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाखाली विस्थापित रोमा कुटुंबांना खाणकामाच्या शिशाने दूषित झालेल्या जमिनीवरील छावण्यांत दहा वर्षांहून अधिक काळ ठेवले गेले. तेथील मानवी हक्क सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये त्यांच्या हक्कांचा भंग झाल्याचा निष्कर्ष काढला, परंतु ते मंडळ नावाप्रमाणेच केवळ सल्ला देऊ शकत होते.

त्याच १९४६ च्या करारात, अशा खासगी दाव्यांच्या निवारणासाठी संयुक्त राष्ट्रांनी योग्य व्यवस्था करावी, असेही बंधन आहे. यजमान देशाशी करायच्या कराराच्या १९९० च्या नमुन्यात तर यासाठी एका स्थायी दावा आयोगाची तरतूद केलेली आहे. असा आयोग आजपर्यंत एकाही मोहिमेत स्थापन झालेला नाही. डिसेंबर २०१६ मध्ये सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली आणि ४० कोटी डॉलरची योजना जाहीर केली. सदस्य देशांनी त्यातील अगदी थोडी रक्कम दिली, आणि मृतांच्या कुटुंबांना थेट भरपाई देण्याऐवजी जे मिळाले ते सामूहिक कामांकडे वळवण्यात आले. आयोग स्थापन करण्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा ठरावही लागत नाही. पुढची मोहीम ज्या देशात जाईल, त्या देशाने करारावर सही करताना त्या कलमाची अंमलबजावणी पहिल्याच महिन्यात मागावी.