वाचकांचे प्रश्न : ॲप आधी की गिऱ्हाईक आधी?

प्रश्न : निफाड भागातल्या द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीची नोंद ठेवणारं आणि काढणीआधी कोणतं औषध कधी बंद करायचं हे सांगणारं ॲप काढायचं मनात आहे. ३० बागायतदारांना विचारलं, सगळे ‘छान आहे, वापरू’ म्हणाले. बनवायला ४ लाख लागतील. पैसे घालावेत का?

उत्तर : आत्ताच नको. ‘वापरू’ म्हणायला कुणाला काही पडत नाही, म्हणून त्या ३० होकारांवर ४ लाख लावू नका. ‘वापराल का’ हा प्रश्नच सोडा आणि ‘गेल्या हंगामातली फवारणीची वही दाखवता का’ असं विचारा. वही रोज लिहिलेली आहे, की एकाच पेनाने एका बैठकीत भरलेली, हे पान उघडताच कळतं. वहीच नसेल, तर त्या माणसाला ही अडचण वाटतच नाही, आणि ॲप आलं म्हणून ती वाटू लागणार नाही.

मग ३० जणांची दोन गटांत विभागणी करा. युरोपला माल पाठवणाऱ्याची बाग अपेडाच्या (केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या) ‘ग्रेपनेट’ या ऑनलाइन यंत्रणेवर नोंदवावी लागते, मालात औषधांचे अंश उरलेत का हेही तपासलं जातं. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, त्यामुळे निर्यातदारांना नोंदीची किंमत ठाऊक आहे. स्थानिक बाजारात विकणाऱ्यावर तसा दट्ट्या नाही. कदाचित तुमचं खरं गिऱ्हाईक बागायतदार नसून निर्यातदार असेल, म्हणून त्यांच्या फील्डवरच्या माणसांनाही भेटा.

यानंतर ॲपशिवाय हीच सेवा हाताने देऊन बघा. गोडी छाटणी (ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी होणारी छाटणी) झाली की लगेच सुरू करा. पहिल्या दोन महिन्यांत डाऊनी या बुरशीजन्य रोगावरच्या फवारण्या दाट असतात. उन्हाळ्यात चाचणी घेतलीत तर काहीच हाती लागणार नाही. १० बागायतदार घ्या, प्रत्येकाकडे हंगामाचे ५०० रुपये आधी मागा. फवारणी झाली की त्यांनी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायचं : प्लॉट, औषध, प्रमाण, किती लिटर पाणी. तुम्ही ते एक्सेलमध्ये भरायचं आणि दर रविवारी नोंदीचा कागद परत पाठवायचा.

इथे खरं काम कुठे आहे ते दिसेल. शेतकरी ‘एम-४५ मारलं’ म्हणतो, शिफारस केलेल्या औषधांच्या यादीत मात्र त्यातल्या घटकाचं नाव, ‘मॅन्कोझेब’ असतं. एकाच घटकाची बाजारात कितीतरी नावं. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस-यादी आणि दुकानातली नावं जुळवणं, यादी बदलली की तीही बदलणं, हे तुमच्या ॲपचं कंबरडं मोडणारं काम आहे. काढणीआधी किती दिवस औषध बंद करायचं हा आकडा चुकला तर बागायतदाराचा अख्खा माल नाकारला जाऊ शकतो. डेव्हलपरच्या ४ लाखांत हे काम धरलंय का, विचारा.

निकष आधीच लिहून ठेवा, नंतर मन पळवाटा शोधतं. आमच्या मते १० पैकी किमान ६ जणांनी पैसे द्यावेत आणि चौथ्या आठवड्यात ५ जण आठवण न करता नोंद पाठवत असावेत. त्याखाली आलात तर ॲप बनवू नका.

प्रश्न : (त्याच वाचकाचा) एक निर्यातदार दीड लाख देऊन ‘फक्त आमच्यापुरतं करून द्या’ म्हणतो. घ्यावं का?

उत्तर : घ्या, पण कोडचा हक्क तुमच्याकडे राहील हे करारात लिहून घ्या आणि निम्मी रक्कम आगाऊ मागा. त्याच्या मागण्या आणखी दोन निर्यातदारांना दाखवा. ‘आम्हालाही हेच हवंय’ असं म्हणून त्यांनीही आगाऊ रक्कम दिली तर तो धंदा; नाहीतर ते एका गिऱ्हाइकाचं कंत्राट समजून तेवढंच पुरं करा.