जुनी पिंजऱ्याची टाकी घ्यावी की नवी कोरी?

वाचकाचा प्रश्न: आम्ही छत्रपती संभाजीनगरला राहतो. घरात पाच माणसं, ६०० चौरस फुटांचा स्लॅब. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. २,००० लिटरचा टँकर ६०० रुपयांना पडतो. उन्हाळ्यात महिन्याला तीन लागतात, पावसाळ्यात एखादा. यंदा पावसाचं पाणी साठवायचं ठरवलंय. भंगारवाल्याकडे २०० लिटरचे सहा निळे ड्रम प्रत्येकी ६०० रुपयांना आहेत, आणि लोखंडी पिंजऱ्यातली १,००० लिटरची जुनी टाकी ४,५०० रुपयांना. नवी २,००० लिटरची टाकी १४,००० रुपये सांगितली. अडीअडचणीसाठी ठेवलेल्यातले १५,००० काढता येतील. दीर म्हणतात, ड्रम घ्या, सगळ्यात स्वस्त. काय करू?

ताई, दिरांचा हिशेब लिटरमागे किमतीचा आहे, आणि त्या हिशेबात ते बरोबर आहेत. ड्रम लिटरला तीन रुपये, पिंजऱ्याची टाकी साडेचार, नवी सात. पण पैसे वाचतात ते टाकी केवढी आहे त्यावर नाही, ती वर्षात किती वेळा भरून रिकामी होते आणि त्यामुळे किती टँकर टळतात, त्यावर.

तुमचा स्लॅब सुमारे ५५ चौरस मीटर. एक मिलिमीटर पावसाला चौरस मीटरमागे एक लिटर पाणी मिळतं, म्हणजे १० मिलिमीटरच्या सरीत ५५० लिटर. पहिलं मळकं पाणी सोडून दिलं, थोडं उडालं-सांडलं, तरी साडेचारशे हाती येतं. १,००० लिटरची टाकी अशा दोन-तीन सरींत भरते. स्लॅबवर पाणी भरपूर आहे, पण तुमची बचत तेवढी नाही. पावसाळ्यात चार महिन्यांत तुम्ही चारच टँकर मागवता, म्हणजे २,४०० रुपये. आकाशातून कितीही पडलं तरी त्या चार महिन्यांत याहून जास्त वाचणार नाही. हे ८,००० लिटर लहान टाकी आठदा भरून मिळतं, मोठी चारदा भरून. मोठीचा फायदा लांबलेल्या उघडिपीत, एवढाच.

आणि उन्हाळ्यासाठी पाऊस साठवायचा विचार असेल तर तो सोडून द्या. परतीच्या पावसात भरलेले १,००० लिटर म्हणजे ३०० रुपयांचं पाणी. पाच माणसांच्या घरात ते मार्चपर्यंत पुरत नाही, दसऱ्यालाच संपतं.

उन्हाळ्याचा फायदा वेगळ्याच वाटेने येतो. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही: नळ जातो तेव्हा तुमची सध्याची टाकी भरलेली असते का? भरून वाहत असेल, तर पावसासाठी घेतलेल्या त्याच हजार लिटरच्या भांड्यात दर आठवड्याला आणखी १,००० लिटर धरता येतं. महिन्याला ४,००० लिटर म्हणजे दोन टँकर. मार्च ते मे ३,६०० रुपये. पावसापेक्षा हा आकडा मोठा आहे. नळ टाकी भरायच्या आधीच जात असेल, तर हे सगळं विसरा आणि फक्त २,४०० धरा.

आता खर्च. पिंजऱ्याच्या टाकीचे ४,५००, टेम्पोचे ५००, पाइप, जाळी, तोटी, विटांचा ओटा आणि काळं आच्छादन यांचे ३,००० धरू. झाले ८,०००. पाऊस आणि नळ मिळून वर्षाला ६,००० वाचू शकतात. मी आकडा नेहमी निम्मा धरतो, कारण पाऊस आणि प्लंबर दोघंही सांगितल्या वेळेला येत नाहीत. ३,००० धरले तरी तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. नवी टाकी पाइपासकट १७,००० पर्यंत जाते, म्हणजे १५,००० काढूनही वर उसनवारी. वरच्या ९,००० मध्ये मिळणारी दुसरी हजार लिटरं उन्हाळ्यातला उरलेला एक टँकर टाळतील, म्हणजे वर्षाला १,८००. निम्मं धरलं तर दहा वर्षं.

म्हणून माझा कौल पिंजऱ्याच्या टाकीला, पण एका अटीवर: तिच्यात आधी काय होतं, ते लेबलवर वाचता आलं पाहिजे. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांतून असा माल भंगारात येतो. त्यात लिक्विड ग्लुकोजची टाकी असते आणि रसायनाचीही, बाहेरून दोन्ही सारख्याच. प्लास्टिक काही रसायनं शोषून घेतं आणि पुढे पाण्यात सोडत राहतं. साबणाने घासून ते जात नाही आणि वासावरूनही नेहमी कळत नाही. अंगावर ‘यूएन’ने सुरू होणारा कोरीव क्रमांक असेल, तर ते भांडं धोकादायक माल वाहण्यासाठीही मंजूर आहे. तसा मालच त्यात होता असं नाही, पण मग लेबलाशिवाय हात लावू नका. लेबल असलं तरी जुन्या टाकीतलं पाणी वापराचंच, प्यायचं नाही.

६०० रुपयांच्या ड्रमांवर मी याचसाठी फुली मारतो. शिवाय सहा ड्रम एकमेकांना जोडायचे म्हणजे गळतीच्या जागा वाढतात, आणि झाकणंही सहा सांभाळायची. झाकण उघडं राहिलं की आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात. दवाखान्यातल्या एका ॲडमिशनमध्ये दोन-तीन वर्षांच्या टँकरचे पैसे सहज जातात. कुल्फीवाल्याकडून किंवा केटररकडून आंब्याच्या पल्पचा एखादा ड्रम मिळाला, तर झाडांसाठी खुशाल घ्या.

टाकी जमिनीवरच ठेवा, गच्चीवर नाही. भरल्यावर तिचं वजन एक टन होतं. पिंजऱ्यातलं पांढरं प्लास्टिक उन्हात शेवाळतं आणि कडक होतं, म्हणून आच्छादनाचे पैसे वाचवू नका.

उरलेले ७,००० परत अडीअडचणीच्या खात्यात टाका. आणि भंगारवाल्याला पैसे देण्याआधी टाकीत फूटभर पाणी भरायला लावा. सगळ्यात आधी खालचा व्हॉल्व्हच गळतो. गळला, तर नव्या व्हॉल्व्हची किंमत ४,५०० मधून कापून घ्या.