अमेरिकेत नर्सिंग होमच्या कामगारांना युनियनमुळे खरंच काही मिळालं का?

मिळालं, पण झगडून. तिथलं नर्सिंग होम म्हणजे आपल्या गल्लीतलं बाळंतपणाचं हॉस्पिटल नव्हे, तर परावलंबी वृद्धांचं राहण्याचं ठिकाण. कूस बदलणं, डायपर बदलणं, घास भरवणं, सगळं नर्सिंग असिस्टंटच्या अंगावर. मिनेसोटा राज्यात युनियनांनी रेटा लावला आणि २०२३ साली कायद्याने एक मंडळच नेमलं गेलं. नऊ सदस्य : कामगार, मालक आणि सरकार यांचे तीन-तीन. किमान पगार आणि कामाचे निकष हेच मंडळ ठरवतं. वर्षातल्या ११ सुट्ट्यांना कामावर आलात तर दीडपट पगार, हा त्यांच्या सुरुवातीच्या निर्णयांपैकी एक. खरी मेख मात्र पैशात आहे. तिथे राहणाऱ्या बऱ्याच वृद्धांचं बिल मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी योजना भरते. ती आम्हाला ज्या दराने पैसे देते ते दर वाढवा, मगच पगाराचं बोला, असं मालक म्हणतात.