सिगारेट सुटली, व्हेप सुटत नाही

प्रश्न

ताई, नमस्कार. मी ३४ वर्षांचा आहे. राहतो ठाण्यात मानपाड्याला, नोकरी ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत. कॉलेजपासून सिगारेट होती, दिवसाला दहा-बारा व्हायच्या. मुलगी झाली तेव्हा सोडायचीच म्हणून एका मित्राकडून व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घेतलं आणि खरंच, दोन वर्षं झाली, सिगारेटला हात लावलेला नाही. घरच्यांना वाटतं मी सुटलो. पण आता व्हेप दिवसभर चालू असतं. ऑफिसच्या कॉलवर म्यूट करून ओढतो, बाथरूममध्ये ओढतो, लोकलमध्ये बाहीत लपवून कश मारतो. रात्री ते उशीखाली असतं, तीनला जाग आली की हात आधी तिकडे जातो. पाच टक्के निकोटीनचं मिंट फ्लेवरच लागतं, दुसऱ्याने भागत नाही. दोनदा फेकून दिलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवीन आणलं. मित्र म्हणतात, निकोटीन कॉफीसारखंच असतं, धूर तर नाही ना, मग कशाला डोकं खातोस? सोडायचं तर एकदम की हळूहळू? आणि खरी भीती ही, की हे सोडायला जाईन आणि टपरीवर परत सिगारेट पेटवीन.

– एक वाचक, ठाणे

उत्तर

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावर ठरणार आहे. सिगारेट परत पेटायला नको, हे पहिलं. व्हेप सुटणं त्यानंतर, आणि निकोटीन पूर्ण सुटणं सगळ्यात शेवटी. हा क्रम पक्का धरा. मध्येच एखाद्या दिवशी टपरीकडे पाय वळायला लागले तर वेग कमी करा, चार दिवस जास्त घ्या, पण काडी पेटवू नका.

‘एक व्यसन सोडून दुसरं धरलं’ असं कुणीतरी तुम्हाला ऐकवेलच. मला ते बोलणं पटत नाही. डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोग घडवणारी बहुतेक रसायनं तंबाखू जळण्यातून येतात. दोन वर्षं ते तुमच्या छातीत गेलेलं नाही. ही तुमची कमाई आहे आणि ती व्हेपच्या शरमेत बुडवू नका.

मित्रांचं कॉफीचं म्हणणं मात्र मी मान्य करणार नाही. कॉफीसाठी कुणी रात्री तीनला उशीखाली हात घालत नाही. ओढलेलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं अर्धं उतरतं. अकराला शेवटचा कश घेतलात तर तीनच्या सुमारास चौथा हिस्सा उरतो. जाग कशानेही आलेली असो, हात तिकडे जातो तो यामुळे. शिवाय निकोटीनने नाडी आणि रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आकसतात. आणि व्हेपमधून येते ती पाण्याची वाफ नव्हे. ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि फ्लेवरची रसायनं तापतात, त्यातून फॉर्मल्डिहाइडसारखे पदार्थ तयार होतात, द्रव तापवणाऱ्या तारेच्या, म्हणजे कॉइलच्या, धातूचे कणही त्यात येतात.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट. सिगारेटी किती होत्या ते तुम्ही लिहिलंत, दहा-बारा. व्हेप किती होतं ते लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं, तुम्हाला ते सांगताच येणार नाही. सिगारेट संपते. तिच्यासाठी जागेवरून उठावं लागतं, लिफ्टने खाली जावं लागतं, पावसात टपरीच्या ताडपत्रीखाली उभं राहावं लागतं, आणि थोटूक विझवलं की परत यावं लागतं. व्हेपला यातलं काही नाही. कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हेच कळत नाही. त्यात या पॉडमधलं, म्हणजे द्रवाच्या छोट्या डबीतलं, निकोटीन सॉल्टच्या (क्षाराच्या) रूपात असतं, ते घशाला टोचत नाही, त्यामुळे जोर कळत नाही. पाच टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम. युरोपीय संघात २० मिलिग्रॅमच्या वर विकायला परवानगीच नाही.

म्हणून तुमच्या ‘एकदम की हळूहळू’ला माझं उत्तर असं, की आधी त्याला हद्द घाला आणि मग तारीख ठरवून बंद करा. नुसतं फेकून देऊन होत नाही, हे तुम्ही पाहिलंच आहे.

बरेच जण टक्के उतरवत जातात, पाचाचे तीन, तिनाचे दोन. जिथे विक्री कायदेशीर आहे तिथे हे ठीक. आपल्याकडे २०१९ पासून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. म्हणजे तुमच्यापर्यंत येतं ते चोरट्या वाटेने, आणि त्यावर छापलेला आकडा कुणी तपासलेला नसतो. ‘दोन टक्के’ लिहिलंय म्हणून दोनच असतील असं नाही. ‘शून्य’ लिहिलेल्याचाही भरवसा धरू नका. असल्या आकड्यांवर हिशेब मांडला तर तुम्हाला वाटेल आपण कमी करतोय, आणि शरीराला तेवढंच मिळत असेल.

त्यापेक्षा जागा कमी करा. आजपासून उशीखाली नाही. रात्री ते घरातल्या दुसऱ्या खोलीत, मुलीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, बंद डब्यात. त्यातला द्रव लहान मुलाच्या पोटात गेला तर विषबाधा होते, त्यामुळे ही जागा तशीही बदलायला हवीच. नंतर बाथरूम बंद करा, मग लोकल. ठाणे ते ऐरोली किती मिनिटांचा प्रवास! तेवढा वेळ तुम्ही राहू शकता, फक्त आजवर करून बघितलेलं नाही. कॉल सगळ्यात शेवटी बंद होतील, कारण कंटाळा तिथेच जास्त असतो. शेवटी एकच जागा उरू द्या, गॅलरी किंवा ऑफिसबाहेरचा फुटपाथ, आणि तिथे उभं राहूनच. सकाळचा पहिला कश दात घासून, चहा घेऊन, आंघोळ करून झाल्यावर. हा पहिला कश जितका मागे सरकेल तितकं पुढचं काम हलकं होईल. या सगळ्याला दोन-तीन आठवडे द्या.

मग तारीख ठरवा. तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जोरात असते, त्यामुळे शुक्रवारची रात्र बरी पडते. शनिवार-रविवार येऊरला पहाटे चालायला जा, घरी बायकोला खरं काय ते सांगून ठेवा. तिला तुम्ही सुटलात असं वाटतंय. चिडचिड कशामुळे होते हे तिला माहीत नसेल तर तुमची दोघांची विनाकारण भांडणं होतील.

त्या दिवसापासून निकोटीनचा गम. हा मोजता येतो, म्हणून मला तो हवा आहे. औषधाच्या दुकानात २ मिलिग्रॅमचा मिळतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्यांना लागतं त्यांना बहुधा ४ मिलिग्रॅमचा द्यावा लागतो, आणि तुम्ही त्यात बसता. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. हृदयाचा त्रास असेल तर २ मिलिग्रॅमचाही विचारूनच घ्या.

गम चुकीचा चघळल्यामुळे ‘याने काही होत नाही’ म्हणून सोडून देणारे मी फार पाहिले आहेत. तो च्युइंगगमसारखा सटासट चघळायचा नसतो. हळूहळू चार-सहा वेळा चावा. तिखटसर चव आली, जिभेला झिणझिण्या आल्या की थांबा आणि गालात, हिरडीपाशी दाबून ठेवा. चव गेली की परत दोन-चार वेळा चावा आणि दुसऱ्या गालात ठेवा. असा साधारण अर्धा तास. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. भराभर चघळून लाळ गिळली तर ते पोटात जातं आणि उचकी लागते, जळजळते. आणि आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबूपाणी काही नको, गम तोंडात असतानाही नको. आंबटपणामुळे निकोटीन नीट शोषलं जात नाही. तुमच्यासारख्या चहाबाज माणसांची गाडी नेमकी इथे अडते.

गमचा असर वीस-तीस मिनिटांनी येतो, व्हेपसारखा लगेच येत नाही. त्यामुळे तलफ आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा सुरुवातीला दर एक-दोन तासांनी घ्या, मग अंतर वाढवत न्या. साधारण तीन महिन्यांत तो सुटावा. थोडा जास्त लागला तरी मी त्याला अपयश म्हणणार नाही. गमने भागत नसेल तर वरेनिक्लीनसारख्या गोळ्या आहेत, त्या मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

पहिल्या दोन-चार आठवड्यांत झोप विस्कटेल, विचित्र स्वप्नं पडतील, भूक वाढेल. बद्धकोष्ठही होतं, हे कुणी सांगत नाही आणि मग माणूस घाबरतो. भरपूर पाणी, पपई, गरज पडली तर इसबगोल. प्रत्येक तलफ काही मिनिटांतच ओसरते, तेवढ्यात जागा बदला.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सिगारेटच्या निमित्ताने तुम्हाला दिवसात दहा सुट्ट्या मिळत होत्या. व्हेप आलं आणि त्या गेल्या, कारण जागेवर बसूनच काम व्हायला लागलं. त्या सुट्ट्या परत घ्या. दर दोन तासांनी उठा, खाली उतरा, कंपनीच्या फाटकापर्यंत चालत जाऊन या. टपरीवर चहा प्यायला मात्र पहिला महिना जाऊ नका, चहा आतल्या कॅन्टीनमध्येच घ्या.

आणि फोन करा. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत राष्ट्रीय सेवा आहे. हाच क्रमांक २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो, तुम्ही तो शेकडो वेळा पाहिला असेल. मुंबईत टाटा मेमोरियलमध्येही तिचं केंद्र आहे. सगळी बंद पडलेली व्हेप घरात साठवू नका, मित्रालाही देऊ नका. आत लिथियमची बॅटरी असते, ती ई-कचऱ्यातच जायला हवी.

प्रश्न

माझा मुलगा अकरावीत आहे. त्याच्या बॅगेत हायलायटर पेनसारखं काहीतरी सापडलं, आंब्याचा वास येत होता. विचारलं तर म्हणाला, ‘आई, यात निकोटीन नसतं, नुसता फ्लेवर असतो.’ त्याच्या बाबांना सांगितलं तर घरात रामायण होईल. काय करू?

– एक आई, घणसोली

उत्तर

तो खोटं बोलत असेलच असं नाही, त्याला कुणीतरी तसंच सांगितलेलं असेल. पण आंब्याच्या वासावरून आत निकोटीन नाही असं ठरत नाही. त्याला एकच विचारा: दोन दिवस ते जवळ नसेल तर तुला काय होतं? डोकं दुखतं, चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही असं म्हणाला, तर त्यात निकोटीन आहे असंच धरा. या वयात मेंदूची वाढ चालू असते आणि सवय मोठ्यांपेक्षा लवकर जडते.

बॅग रोज तपासू नका, नाहीतर वस्तू मित्राच्या बॅगेत जाईल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. बाबांना सांगाच, पण मुलाला आधी सांगून, आणि तिघं एकत्र बसून. कुणी आणून दिलं हा प्रश्न पहिल्या दिवशी नको. वर दिलेल्या क्रमांकावर त्याला स्वतःला बोलू द्या, तुम्ही खोलीबाहेर थांबा. गम मात्र मनाने देऊ नका. अठरा वर्षांखालच्या मुलाला निकोटीनचं कुठलंही औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही.