टाक्यांची चित्रे पुस्तकात उतरवताना

प्रश्न : जुन्या सुती साड्यांचे तुकडे आणि भरतकाम वापरून मी नातीसाठी एका गोष्टीची बारा चित्रे केली आहेत. मोबाइलवर त्यांचे फोटो काढून नमुना छापून आणला, तेव्हा टाके सपाट दिसले, साडीच्या बारीक विणीवर नागमोडी पट्टे उमटले आणि राणी रंग मळकट झाला. असे काम नीट छापता येते का? मुलांच्या पुस्तकांत अशी चित्रे खरोखर वापरली जातात का? – एक वाचक, सातारा

उत्तर : वापरली जातात, आणि फार मन लावून केलेली अशी पुस्तके आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील सॅली मेव्हर तारेवर धागा गुंडाळून बाहुल्यांचे हातपाय करतात, लाकडी मण्यावर चेहरा रंगवतात आणि फेल्टच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या, पार्श्वभूमीवर हे सारे टाक्यांनी बसवतात. जुन्या इंग्रजी बालगीतांचे त्यांचे ‘पॉकेटफुल ऑफ पोझीज’ हे पुस्तक 2010 मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी त्याला चित्रपुस्तकांसाठीचा बोस्टन ग्लोब–हॉर्न बुक पुरस्कार मिळाला.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण नीना सबनानी यांचे आहे. मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केलेल्या या चित्रकर्तीने वडिलांच्या फाळणीच्या आठवणीवरून ‘मुकंद अँड रियाझ’ हा अॅनिमेशनपट केला आणि नंतर चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने त्याचे पुस्तक काढले. कराचीतल्या दोन मित्रांची ही गोष्ट ठिगळकामातून सांगितली आहे आणि हे ठिगळकाम सिंध व गुजरात या दोन्हीकडच्या बायकांच्या परंपरेतले असल्यामुळे तिथे कापड निव्वळ सजावट राहत नाही. पुढे ‘टांको बोले छे’ या 2009 च्या अॅनिमेशनपटात तर कच्छमधील कारागीर स्त्रियांनी स्वतःच्या स्थलांतराची कहाणी स्वतःच टाक्यांत मांडली. कापडाचे चित्र करण्याआधी ‘या गोष्टीला कापडच का?’ हा प्रश्न विचारावा असे मी आग्रहाने म्हणतो, ते अशा कामांमुळे. आजीच्या साड्यांतून नातीची गोष्ट उभी राहते, तेव्हा आपल्याकडे त्याचे उत्तर आहेच.

आता छपाईकडे वळू. टाका दिसतो तो त्याच्या बारीकशा सावलीमुळे, आणि समोरून पडणारा मोबाइलचा फ्लॅश नेमकी तीच सावली पुसून टाकतो. म्हणून फ्लॅश बंद ठेवून एकाच बाजूने, थोड्या खालच्या कोनातून प्रकाश सोडावा आणि समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करून सावली मऊ करावी. बाराही चित्रांत प्रकाश एकाच दिशेने आला पाहिजे, नाहीतर पान उलटताच सावल्या उलट्या बाजूला पडतात आणि लहान मुलांच्याही ते ध्यानात येते. स्कॅनरचा मोह टाळावा, कारण त्याची काच धाग्यांचा उठाव दाबून टाकते. शक्य असल्यास चांगला कॅमेरा असलेल्या छायाचित्रकाराकडून, पुस्तकातल्या आकाराला इंचामागे 300 बिंदू मिळतील अशा तपशिलात फोटो काढून घ्यावेत.

नागमोडी पट्ट्यांचे कारण वेगळे आहे. कॅमेऱ्याच्या संवेदकावर (प्रकाश टिपणाऱ्या भागावर) आणि छापील पानावरही चित्र बारीक ठिपक्यांच्या जाळीतून तयार होते, आणि ही जाळी विणीच्या नियमित जाळीवर पडली की दोन्हींच्या मिश्रणातून असे पट्टे दिसू लागतात. फोटोतच ते दिसत असतील तर कॅमेऱ्याचे अंतर किंवा कोन किंचित बदलून पाहावा. पुढच्या वेळी मोठ्या पार्श्वभूमीसाठी जाडीभरडी खादी किंवा वीण नसलेले फेल्ट घ्यावे आणि तलम साडी छोट्या तुकड्यांसाठी राखून ठेवावी.

राणी रंगाबाबत मात्र तडजोड करावी लागेल. रंगीत छपाईच्या नेहमीच्या चार शाईंत (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) तो झळाळ येत नाही, आणि पाचवी खास शाई थोड्या प्रतींसाठी फार महाग पडते. त्यापेक्षा त्याच्या शेजारी राखी किंवा शेवाळी तुकडा लावावा, म्हणजे छापील राणी रंगही उजळ भासतो.

आपण विचारलेले नाही, तरीही एक सांगावेसे वाटते. गोष्टीची अक्षरे चित्रातच शिवू नयेत, त्यांच्यासाठी जागा मोकळी सोडावी. तूलिकासारखे प्रकाशन मराठीसह नऊ भाषांत पुस्तके काढते, आणि चित्रांच्या रंगीत प्लेट (प्रत्येक शाईसाठीचे छपाईचे वेगळे पत्रे) त्याच ठेवून फक्त काळ्या अक्षरांची प्लेट बदलली की नवी भाषा छापता येते. शिवलेली अक्षरे ही वाटच बंद करतात. त्याचप्रमाणे पात्रांचे चेहरे पानांच्या मधल्या घडीत येऊ देऊ नयेत.

बाराही चित्रे पुन्हा शिवण्याची गरज नाही. राणी रंग सर्वांत जास्त असलेल्या चित्राचा फोटो वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा काढावा आणि पुस्तकासाठी निवडलेल्याच कागदावर त्या एका पानाचा नमुना आधी छापून पाहावा.